रोजच्या कामातली गोडी

लॉटरी लागली की माणूस सुखी होतो, ही समजूत १९७८ साली अमेरिकेत तपासली गेली. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याची लॉटरी लागलेल्या २२ जणांना बोलतं केलं. लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा ते काही फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, मासिक चाळणं अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी दिसली. मोठ्या आनंदापुढे साध्या गोष्टी फिक्या पडतात आणि मिळकतीलाही मन सरावतं, असं कारण त्यांनी दिलं. आता कोणी म्हणेल, २२ माणसांवरून जगाचा निवाडा कसा करायचा? आक्षेप रास्त आहे. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवरचं बरंच मोठं संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. त्यात मोठी बक्षिसं मिळालेले लोक दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. पैशाने घोर कमी होतो आणि ते मोलाचंच आहे. पण त्याच संशोधनात मनाच्या प्रसन्नतेवरचा परिणाम त्या मानाने बराच कमी दिसला. दिवस भरून काढायला दुसरंच काही लागतं.

ते काय, याचा शोध मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी लोकांना पेजर देऊन घेतला. दिवसातून अनेकदा पेजर वाजायचा आणि माणसाने हातातलं काम व मनाची अवस्था लिहून ठेवायची. तल्लीनतेचे क्षण फावल्या वेळेपेक्षा कामातच जास्त सापडले. काम कौशल्याला पेलेल इतपत अवघड असावं आणि जमलं की नाही ते लगेच कळावं, एवढं जुळलं की मन रमतं. ज्वारीची भाकरी घ्या. पीठ जुनं असलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग गरम पाणी घालून मळावं लागतं. थापताना कड चिरू द्यायची नाही. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि शेवटी आचेवर ती टम्म फुगली की जमल्याची पावती तिथेच मिळते. पीठ रोज वेगळं, म्हणून ही परीक्षाही शिळी होत नाही.

यावर एक आक्षेप मात्र मला फार गंभीर वाटतो. दहा माणसांच्या भाकऱ्या वर्षानुवर्षं एकटीच्याच गळ्यात पडल्या, तर त्यात कसली तल्लीनता? खरंच नाही. सक्ती आली, थकवा आला की तेच काम ओझं होतं. अशा घरात आधी परातीपाशी दुसरं कोणीतरी बसायला हवं, म्हणजे तिला पेटी, शिवण किंवा परसातली वांगी, जिथे तिचा हात रमतो तिथे तासभर तरी मिळेल.