‘कि नि इरु’ : मनात भरणं

मंडळी, आज आपण जपानीतला एक रोजच्या वापरातला प्रयोग पाहू : ‘कि नि इरु’. कोशात अर्थ दिसतो ‘आवडणे’. पण आवडण्यासाठी ‘सुकि’ हा शब्द आपण आधीच शिकलोय. मग हा दुसरा कशाला?

आधी शब्द फोडून बघू. ‘कि’ म्हणजे चित्त, मनाचा कल. ‘नि’ इथे आपल्या ‘-त’ प्रत्ययाचं काम करतो. ‘इरु’ म्हणजे आत शिरणे. आज एरवी शिरण्याला ‘हाइरु’ म्हणतात. जुना ‘इरु’ अशा ठरीव प्रयोगांत आणि ‘इरिगुचि’, म्हणजे प्रवेशद्वार, अशा शब्दांत उरलाय. थोडक्यात, ‘चित्तात शिरणे’. आपण ‘मनात भरणे’ म्हणतो ना, त्याच्या अगदी जवळचं.

दुकानात छत्री पसंत पडली, की म्हणायचं : ‘कोनो कासा गा कि नि इरिमाशिता.’ इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, वाक्याचा कर्ता छत्री आहे, आपण नाही. मराठीतही ‘छत्री मनात भरली’ म्हणताना क्रियापद छत्रीप्रमाणेच चालतं. दुसरी, रूप भूतकाळाचं आहे, कारण शिरणं घडून गेलं. आपणही वस्तू हातात असतानाच ‘आवडली’ म्हणतो.

फरक इथेच कळतो. ‘मला कॉफी आवडते’ ही कायमची आवड, तिथे ‘सुकि’. आज एका ठिकाणी प्यायलेली कॉफी पसंत पडली, तर ‘कि नि इरु’. यावरूनच ‘ओकिनिइरि’ हे नाम झालं : खास आवडीची वस्तू, जागा किंवा माणूस.

आता एक धोक्याची जागा. व्याख्यान संपल्यावर आपण प्रेमाने शिक्षकांना म्हणू, ‘सर, तुमचं व्याख्यान आवडलं.’ तेच जपानीत ‘कि नि इरिमाशिता’ वापरून म्हटलं, तर ते खटकतं. कारण या प्रयोगात पसंत-नापसंत ठरवण्याचा सूर आहे, आणि वडीलधाऱ्यांना आपण पास-नापास करत नाही. तिथे म्हणावं, ‘बेंक्यो नि नारिमाशिता’, म्हणजे ‘शिकायला मिळालं’. उलट दुकानदार गिऱ्हाइकाला आदराने विचारतो, ‘ओकि नि मेशिमाशिता का?’ म्हणजे ‘पसंत पडलं का आपल्याला?’ पसंतीचा हक्क गिऱ्हाइकाचा, म्हणून तिथे ते शोभतं.

तेव्हा नुसता अर्थ पाठ करून भागत नाही. कोण कुणाला म्हणतंय, तेही बघावं लागतं.