सोळा वर्षांची वाट आणि येसूबाईंची तीस वर्षं

चिनी तलवारबाजीच्या मालिकांतला विरहाचा एपिसोड म्हणजे नुसती रडारड, हे मत मला पटत नाही. जिन योंग यांच्या १९५९ साली सुरू झालेल्या कादंबरीवरच्या ‘कॉन्डोर हीरोज’ मालिका बघा. नायिका शियाओलोंगन्यूला विष भिनलंय. आपण मेलो तर तिचा प्रियकर यांग गुओ स्वतःच्या विषावरचं औषध घेणार नाही, हे ती ओळखते. म्हणून सोळा वर्षांनी भेटण्याचा निरोप कड्यावर कोरून ती दरीत उडी घेते. डोळे भरतात ते उडीमुळे नाही, त्यानं जगावं म्हणून केलेल्या विचारामुळे.

एवढा त्याग गोष्टीतच होतो, हा आक्षेप निदान महाराष्ट्रात तरी टिकत नाही. १६८९मध्ये संभाजीराजांच्या हत्येनंतर त्यांच्या पत्नी येसूबाईंनी दीर राजारामांना रायगडाबाहेर पाठवलं आणि स्वतः बाळ शाहूंसह मागे थांबल्या. गड पडला, मोगलांच्या कैदेतून त्या सुटल्या थेट १७१९ साली. फरक आहेच, आणि मोठा आहे: येसूबाईंपुढे राज्य होतं, त्यांचं दुःख खरं होतं. पण दोन्हीकडे विरह पत्करण्याचा निर्णय स्त्रीनं विचारपूर्वक घेतलेला आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका बघून हळहळलेल्यांनी शियाओलोंगन्यूच्या विरहाचा हा एपिसोड पुढे न ढकलता पूर्ण बघावा.