नटाची जागा : युरोपीय रंगभूमीच्या इतिहासांतून

इ. स. १६७३ च्या फेब्रुवारी महिन्याची २१ वी तारीख. पॅरिस शहरांत रात्र झाली होती. रिशल्यू रस्त्यावरील एका घरांतून प्रेतयात्रा निघाली. मशालींचा उजेड होता, परंतु मंत्रघोष नव्हता कीं कसला समारंभ नव्हता. शवपेटींत जो पुरुष होता त्यानें चारच दिवसांपूर्वीं भरलेल्या नाटकगृहाला पोट धरून हसविलें होतें. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें त्याचीं नाटकें आपल्या वाड्यांत करविलीं होतीं. त्याच्या पहिल्या मुलाचा धर्मपिता होण्यासहि राजा कबूल झाला होता. असें असून, पवित्र मानलेल्या भूमींत त्याला चार हात जागा मिळावी म्हणून त्याच्या विधवेला आर्चबिशपापुढें आणि खुद्द राजापुढें पदर पसरावा लागला. हा पुरुष म्हणजे जगांतील श्रेष्ठ प्रहसनकार मोलियर होय. आणि त्याचा अपराध एवढाच कीं, तो नट होता.

ज्याच्यावर समाज टाळ्यांचा पाऊस पाडतो त्यालाच तो आपल्या पंगतीला कां घेत नाहीं? युरोपांतील रंगभूमीच्या अडीच हजार वर्षांच्या इतिहासांत नाटककारांचीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्या नाटकांत ज्यांनीं प्राण ओतले त्या नटांची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. ती येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आरंभ मोठा मंगल आहे. अथेन्स नगरींत वसंतऋतूंत डायोनायसस देवाचा महोत्सव भरे आणि त्यांत नाट्यस्पर्धा होत. अक्रॉपोलिस टेंकडीच्या दक्षिण उतारावर, देवाच्या मंदिराशेजारींच, उघड्या आकाशाखालीं प्रेक्षक बसत. कोरसाच्या तयारीचा खर्च एकाद्या धनवान् नागरिकानें सोसावयाचा. तें त्याचें नगराविषयींचें कर्तव्य समजलें जाई. निकाल देणारे परीक्षक नगराच्या दहा गणांतून चिठ्ठ्या टाकून निवडीत. सर्व भूमिका पुरुषच करीत आणि मुखवटे घालीत. प्रथम नट एकच असे. एस्किलसनें दुसरा आणला व सोफोक्लीझनें तिसरा, असें ॲरिस्टॉटल सांगतो. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या मध्यास नाटककाराबरोबर उत्तम नटासहि स्वतंत्र बक्षीस मिळूं लागलें.

या नटांना समाजांत कमीपणा नव्हता. ख्रिस्तपूर्व ३४६ मध्यें मॅसिडोनच्या फिलिप राजाशीं अथेन्सचा तह झाला, त्या खटपटींत ॲरिस्टोडेमस नांवाच्या नटाचा मोठा हात होता. याचें कारण उघड आहे. तेथें नाटक हें देवाचें आणि नगराचें कार्य होतें. ज्या उत्सवाला सारा गांव लोटे त्या उत्सवांत भूमिका करणाराला गांव हलका कसा म्हणणार?

रोममध्यें मात्र चित्र पालटलें. तेथें नाटकाचें वेड कमी नव्हतें. ख्रिस्तपूर्व २४० पासून लॅटिन भाषेंत नाटकें होऊं लागलीं आणि प्लॉटस व टेरेन्स यांच्या प्रहसनांनीं रोमन लोक हसले. परंतु नट पुष्कळदां गुलाम किंवा गुलामगिरींतून सुटलेले असत, आणि पैसे घेऊन रंगमंचावर उभें राहणाराच्या माथीं कायद्यानें अप्रतिष्ठेचा शिक्का मारलेला असे. याची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. लॅबेरियस हा प्रतिष्ठित दर्जाचा गृहस्थ नकलांचीं नाटकें लिहीत असे. ख्रिस्तपूर्व ४६ च्या सुमारास ज्यूलियस सीझरनें या साठ वर्षांच्या वृद्धाला स्वतःच्या नाटकांत स्वतः काम करावयास भाग पाडलें. रंगमंचावर पाय ठेवतांच त्याचा दर्जा गेला! खेळ संपल्यावर सीझरनें पांच लाख सेस्टर्स नाणीं आणि दर्जाची खूण असलेली सोन्याची अंगठी देऊन तो परत केला. परंतु म्हातारा आपल्या वर्गाच्या बांकांकडे गेला तेव्हां कोणीहि सरकून त्याला जागा देईना. सिसरो थट्टेनें म्हणाला कीं, मीच दाटीवाटीनें बसलों नसतों तर जागा दिली असती. त्यावर लॅबेरियसनें तत्काळ उत्तर केलें कीं, आपल्याला तर नेहमीं दोन आसनांवर बसण्याची संवय! सिसरोच्या दोन्ही पक्षांना धरून राहण्याच्या राजकारणाला हा टोला होता. पण विनोद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते : सीझर अंगठी परत देऊं शकला, जागा देऊं शकला नाहीं.

नटींची स्थिति याहून वाईट होती. सेनेटर व त्यांचे वंशज यांनीं नटीशीं विवाह करूं नये, असा ऑगस्टसच्या काळापासून कायदा होता. पुढें पांचशें वर्षांनीं याच कायद्यानें एका राजपुत्राचा मार्ग अडविला. कॉन्स्टंटिनोपल येथील क्रीडागृहांत अस्वलें राखणाराची मुलगी थिओडोरा ही रंगमंचावर काम करीत असे. तिच्याशीं लग्न करण्याची जस्टिनियनची इच्छा होती. अखेर त्याचा चुलता सम्राट् जस्टिन यानें, नाट्यव्यवसाय सोडून पश्चात्ताप पावलेल्या स्त्रियांना विवाहाची मोकळीक देणारा नवा कायदा केला, तेव्हां तें लग्न झालें. इ. स. ५२७ मध्यें थिओडोरा सम्राज्ञी झाली. परंतु नटी म्हणून ती राजवाड्यांत शिरली नाहीं. नटीपण उंबऱ्याबाहेर टाकल्यावरच तिला आंत घेतलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मध्यंतरीं युरोपांत ख्रिस्ती धर्माचा अंमल बसला होता. रंगभूमि म्हणजे जुन्या देवतांचें अवशिष्ट घर, अश्लीलतेचें माहेर, असें धर्मगुरूंचें मत होतें. तेथें ख्रिस्ती विधींची टवाळीहि होई. इ. स. ३१४ मध्यें आर्ल येथील धर्मसभेनें ठरविलें कीं, नट जोंवर नटाचा धंदा करील तोंवर त्याच्यावर बहिष्कार असावा.

परंतु इतिहासाला विनोदाचें अंग असतें! ज्या धर्मसंस्थेनें नाटकाला दाराबाहेर घालविलें तिनेंच दहाव्या शतकांत तें वेदीपाशीं आणून उभें केलें. येशूचें थडगें शोधावयास आलेल्या तीन स्त्रियांचा प्रसंग ईस्टरच्या पहांटे मठांतील साधूच वेष करून दाखवीत. इंग्लंडमधील विंचेस्टर येथें इ. स. ९७० च्या सुमारास तयार झालेल्या नियमग्रंथांत या प्रवेशाच्या सूचना तपशीलवार दिल्या आहेत. पुढें हें धर्मनाट्य चर्चच्या बाहेर, भर रस्त्यावर आलें आणि तें कारागिरांच्या संघांनीं हातीं घेतलें. यॉर्क शहरांत सुमारें ४८ प्रवेशांची माळ गाड्यांवरून दाखवीत. नोआची नौका बांधण्याचा प्रवेश जहाज बांधणारे सुतार करीत. येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रवेश भटारी करीत.

या सुतारांना किंवा भटाऱ्यांना कोणी नट म्हणून वाळींत टाकलें काय? मुळींच नाहीं. खेळ आटोपला कीं ते आपापल्या दुकानीं जात. येथें आपल्या प्रश्नाची किल्ली सांपडते. दोष सोंगाला नव्हता. सोंगावर पोट भरण्याला होता. हौसेनें किंवा भक्तीनें राजा झालेला सुतार सुतारच राही. परंतु जो रोज नवा माणूस होतो आणि त्याचे पैसे घेतो, त्याचें खरें रूप कोणतें, ही शंका स्थिर समाजाच्या मनांतून जाईना.

धंदेवाईक नाटकमंडळ्या सोळाव्या शतकांत निघाल्या. इटलींत पाडुआ येथें १५४५ सालीं कांहीं नटांनीं एकत्र येऊन केलेला करारनामा उपलब्ध आहे. या इटालियन मंडळ्यांत स्त्रियाहि काम करीत. त्यांतील इझाबेला आंद्रेइनी ही विदुषी कवयित्रीहि होती. १६०४ मध्यें फ्रान्समध्यें लियों येथें तिचा अंत झाला, तेव्हां नगरानें तिला सन्मानानें निरोप दिला. असे अपवाद विरळ. इंग्लंडमध्यें १५७२ च्या कायद्यानें, कोणा उमरावाचा आश्रय किंवा परवाना नसलेला नट हा उनाड भटक्या ठरला. त्याला फटके मारून तापल्या सळईनें कान जाळण्याची शिक्षा होती. म्हणूनच तेथील मंडळ्या उमरावांचे चाकर म्हणवीत. १५७६ मध्यें जेम्स बर्बेजनें नाटकगृह बांधलें तेंहि लंडनच्या नगरपालांच्या हुकुमतीबाहेर. खुद्द शेक्सपिअरच्या घराण्याला १५९६ मध्यें कुलचिन्ह मिळालें, तेव्हां अशा माणसांना चिन्हें वांटल्याची तक्रार झालीच. १६४२ मध्यें पार्लमेंटनें नाटकगृहें बंद केलीं. तीं १६६० मध्यें पुन्हां उघडलीं, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें डेस्डिमोनाच्या भूमिकेंत प्रथमच स्त्री उभी राहिली.

आतां पुन्हां पॅरिसला परत येऊं. मोलियरचा बाप राजवाड्यांतील गाद्या-पडद्यांचा कारागीर. मुलानें त्या मानाच्या नोकरीकडे पाठ फिरवून मंडळी काढली, कर्जापायीं तुरुंग पाहिला आणि बारा-तेरा वर्षें खेड्यापाड्यांतून हिंडून तो राजधानींत आला. 'तार्त्युफ' नाटकांत त्यानें धर्माच्या बुरख्याआडचा ढोंगी रंगविला, म्हणून १६६४ पासून पांच वर्षें त्या नाटकाला बंदी होती. १६७३ मध्यें तो क्षयानें जर्जर झाला होता आणि भूमिका करीत होता ती मात्र आपल्याला रोग झाला आहे असें समजणाऱ्या निरोगी माणसाची! १७ फेब्रुवारीला चवथा प्रयोग होता. आज काम करूं नका असें घरच्यांनीं विनविलें. पण रोजावर पोट भरणारीं पन्नास माणसें आहेत, त्यांनीं काय करावें, असें तो म्हणाला, असें त्याच्या पहिल्या चरित्रकारानें लिहिलें आहे. प्रयोग चालू असतां त्याला झटका आला, तो त्यानें हसण्याआड लपविला. घरीं आणल्यावर दोन धर्मगुरूंनीं येण्याचें नाकारलें. तिसरा आला तेव्हां सर्व संपलें होतें. मरणापूर्वीं नटाचा धंदा सोडल्याचें वचन दिल्यावांचून ख्रिस्ती दफन नाहीं, असा फ्रान्समधील दंडक. राजानें मध्यें पडून जागा मिळवून दिली, पण ती रात्रीं आणि समारंभावांचून.

पुढें १७३० सालीं पॅरिसची लाडकी नटी आद्रिएन लकूव्हर वारली. तिला तेवढीहि जागा मिळाली नाहीं. रात्रीं नेऊन एका पडीक जमिनींत तिला पुरलें. त्याच वर्षीं लंडनची नटी ॲन ओल्डफील्ड वारली आणि तिला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें, राजेमहाराजांच्या सान्निध्यांत, स्थान मिळालें. हा फरक पाहून व्हॉल्टेअरनें संतापानें लेखणी उचलली. तथापि फ्रान्समधील नटांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळण्यास १७८९ ची क्रांति व्हावी लागली. इंग्लंडमध्यें १८९५ मध्यें हेन्री अर्व्हिंग याला 'सर' ही पदवी मिळाली. ज्या देशांत सव्वातीनशें वर्षांपूर्वीं नटाचा कान जाळीत, तेथें नटाला मिळालेला हा पहिलाच असा मान होता.

हा पालट कोणत्या एका राजाच्या कृपेनें झाला नाहीं. १६८० मध्यें 'कोमेदी फ्रान्सेझ' ही संस्था स्थापन झाली. तिच्यांतील प्रमुख नट मंडळीच्या उत्पन्नाचे भागीदार असत व वृद्धपणीं त्यांना निर्वाहवेतन मिळे. मॉस्को येथें १८९८ मध्यें स्टानिस्लाव्हस्की व त्याचा सहकारी यांनीं नाटकमंदिर काढलें, तेव्हां नटाच्या शिस्तीला आणि अभ्यासाला त्यांनीं अग्रस्थान दिलें. धंदा स्थिर झाला, विद्या म्हणून शिकविला जाऊं लागला, तसा समाजाचा संशयहि ओसरत गेला.

आपण युरोपला हंसावयास नको. आपल्याकडे मनुस्मृतींत नटाचें अन्न वर्ज्य मानलें आहे. आणि नाट्याला वेदाची योग्यता देणाऱ्या नाट्यशास्त्रांतच भरताच्या पुत्रांना ऋषींचा शाप भोंवून ते हीन स्थितीस गेले, अशी कथा आहे. आपल्या घरांतहि गणेशोत्सवांतील मुलाच्या भूमिकेचें कौतुक होतें. तोच मुलगा नाटकावर निर्वाह करीन म्हणाला कीं माजघरांत कुजबूज सुरू होते. त्या काळजींत पोटाचा प्रश्न किती आणि जुन्या शिक्क्याचें भय किती, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारून पाहावें.

मोलियरच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अस्थि १८१७ मध्यें पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमींत समारंभानें नेण्यांत आल्या. पण त्या खरोखर त्याच्याच, अशी खात्री देतां येत नाहीं. त्याच्या अखेरच्या प्रयोगांतील खुर्ची मात्र 'कोमेदी फ्रान्सेझ'मध्यें आजहि जपून ठेविलेली आहे.