डासांचे वाण व हाडमोड्या ताप

एकाच शिवारांत गव्हाचें एक वाण तांबेर्‍यानें होरपळतें आणि बांधापलीकडील दुसरें तग धरतें, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. रोग पसरविणार्‍या डासांतही असाच वाणावाणाचा भेद असतो, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल.

डेंग्यू ऊर्फ हाडमोड्या तापाचे विषाणु ४ प्रकारचे असून ते मुख्यतः एडिस इजिप्ती व एडिस आल्बोपिक्टस या पांढर्‍या पट्ट्यांच्या डासांकरवीं पसरतात. गुब्लर व रोझेन या शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या प्रदेशांतील आल्बोपिक्टस डासांस विषाणुयुक्त रक्त पाजून केलेले प्रयोग १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं ठिकाणचे डास सहज बाधित झाले, कांहीं ठिकाणचे फारच थोडे. एका प्रकारच्या विषाणूस जें वाण लवकर बळी पडे, तें इतर प्रकारांसही पडे. दोन्ही टोंकांच्या वाणांचा संकर केला असतां संतति मधल्या प्रतीची निघाली. अर्थात् हा गुण आनुवंशिक होय.

याचें इंगित डासाच्या जठरांत आहे. जठराच्या अस्तरांत शिरून विषाणु वाढला, तरच तो पुढें लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोंचतो. यास साधारणतः ८ ते १२ दिवस लागतात. ज्या वाणांत हें कुंपण बळकट, तेथें विषाणूचा शिरकाव कठीण. मात्र एकदां शिरकाव झाला कीं अशा डासांतही तो जोमानें वाढतो. शिवाय ग्रहणशीलता हेंच सर्वस्व नव्हे. इजिप्तीची मादी घरांतच राहते, दिवसा चावते व एका वेळच्या रक्तासाठीं अनेकांस दंश करते; म्हणून तीच अधिक घातक ठरते.

हें कुंपण मुद्दाम बळकट करण्याचाही यत्न झाला आहे. वोल्बाकिया नांवाचा सूक्ष्म जंतु इजिप्ती डासांत घातल्यास विषाणूची वाढ खुंटते, व तो जंतु अंड्यांवाटे पुढील पिढींत उतरतो. असे डास २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील केर्न्सजवळ सोडण्यांत आले. इंडोनेशियांतील योग्यकर्ता शहरीं केलेल्या प्रयोगांत, २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, डेंग्यूचें प्रमाण ७७ टक्क्यांनीं कमी आढळलें.

आपल्या हातचा उपाय याहून सोपा आहे. रांजण, हौद व गुरांची डोण आठवड्यांतून एकदां रिकामी करून आंतून घांसावी व कोरडी ठेवावी. कारण कडेस चिकटलेलीं अंडीं पाण्यावांचूनही महिनेच्या महिने जगतात. करवंट्या व जुने टायर अंगणांत पडूं देऊं नयेत. डास उपजलेच नाहींत, तर त्यांचें वाण कोणतें याची चौकशी करण्याचें कारणच उरणार नाहीं.