हार्ट अटॅकनंतर हृदय स्वतःची दुरुस्ती कसं करतं?

हल्ली मनगटावरचं स्मार्टवॉचही ईसीजी काढतं. पण त्यावरून हार्ट अटॅक ओळखता येत नाही, आणि अटॅकनंतर हृदयात काय चालतं हे तर कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. आज तेच समजून घेऊया.

नेमकं काय बिघडतं?

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीमुळे बंद पडली की पुढच्या स्नायूंना ऑक्सिजन मिळत नाही आणि ते मरायला लागतात. कातडी पुन्हा येते, हृदयाचं तसं नाही. 2009 साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की वयाच्या 25 व्या वर्षी हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला जेमतेम 1 टक्का नव्या बनतात. म्हणजे मेलेल्या स्नायूच्या जागी नवा स्नायू येत नाही, व्रण तयार होतो.

आधी सफाई, मग बांधकाम

मरणाऱ्या पेशींमधून जे बाहेर सांडतं, तोच शरीरासाठी अलार्म असतो. काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात. त्यांच्यामागून मॅक्रोफेज येतात आणि मेलेल्या पेशी गिळून टाकतात. हीच ती सूज, म्हणजे इन्फ्लमेशन.

साधारण पहिल्या आठवड्यातच काम बदलतं. सफाई करणारे मॅक्रोफेजच आता सूज आवरण्याचे आणि बांधकामाचे सिग्नल सोडतात. फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणतात आणि काही आठवड्यांत व्रण घट्ट होतो.

सगळा खेळ टायमिंगचा आहे. सूज कमी पडली तर कचरा राहतो, व्रण कच्चा होतो आणि हृदयाची भिंत फाटूही शकते. सूज लांबली तर चांगल्या स्नायूलाही झळ बसते, हृदय ताणून मोठं होतं आणि पुढे हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो.

मग औषधाने सूज बंदच करून टाकली तर?

करून बघितलंय. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, तर नुकसान उलट वाढलं. सरसकट सगळी सूज दाबली की सफाईही थांबते.

म्हणून नंतर एकेक सिग्नल निवडून अडवायचे प्रयत्न झाले. 2017 च्या कॅन्टॉस चाचणीत, आधी अटॅक येऊन गेलेल्या 10,061 जणांवर कॅनाकिनुमॅब वापरून पाहिलं. 150 मिलिग्रॅमच्या डोसने पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्के कमी झाले, पण जीवघेणे संसर्ग वाढले. कोल्चिसिन या जुन्या, स्वस्त गोळीने 2019 च्या चाचणीत फायदा दाखवला, तर 2024 च्या त्याहून मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. थोडक्यात, प्रश्न अजून सुटलेला नाही.

तुमच्या घरी याचा काय संबंध?

बाबांना किंवा आजोबांना अटॅक येऊन गेला असेल आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर आणून देऊ नका. अशा वेदनाशामक गोळ्यांनी अशा रुग्णांमध्ये पुन्हा अटॅकचा धोका वाढतो. मात्र डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन गुठळी होऊ नये म्हणून असते, ती स्वतःहून बंद करू नका. कुठलीही नवी गोळी सुरू करण्याआधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

आणि कुणाच्या छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर गूगल करत बसू नका. थेट 108 लावा. धमनी जितकी लवकर उघडेल, तितका स्नायू वाचेल आणि दुरुस्तीचं कामही कमी उरेल.