कवडीची स्मृती : दारव्हा परिसरातील बंजारा भरतकाम

भरतकामातील निसर्ग म्हणजे वस्त्रावर काढलेली फुले-पाने, असे आपण सहज गृहीत धरतो. दारव्हा परिसरातील तांड्यांवर जपलेली बंजारा वस्त्रे पाहिली म्हणजे हे गृहीत डळमळते. फेटिया, कांचळी आणि छाटिया, म्हणजे घागरा, चोळी व ओढणी, यांवर चौकोन, त्रिकोण, तिरप्या रेषा व आरशाचे तुकडे यांचेच प्राबल्य दिसते. पाना-फुलांचे हुबेहूब चित्र क्वचितच आढळते. तेथे निसर्ग रेखाटलेला नसून प्रत्यक्ष टाकलेला असतो. तो म्हणजे कवडी.

कवडी हे सागरी जीवाचे कवच. विदर्भाच्या काळ्या मातीशी तिचा संबंध नाही. मालदीव बेटांतून ती भारतात येई आणि देशाच्या काही भागांत एकोणिसाव्या शतकापर्यंत चलन म्हणून वापरली जाई. बंजारे त्या काळी बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेत. सडका व आगगाडी आल्यावर हा व्यवसाय मोडला. पुढे तर खुद्द दारव्ह्यावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंदमापी लोहमार्गाने या भागातील कापूस वाहिला. लमाणांचे बैल गेले, ते चलनही गेले. घागरीखालच्या चुंबळीवर आणि तिला जोडून पाठीमागे रुळणाऱ्या चौकोनी वस्त्रावर कवडी मात्र टिकली.

भाषाभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. मराठीनेही कवडी सांभाळली आहे, पण 'कवडीमोल' व 'फुटकी कवडी' अशा प्रयोगांत. तेथे तिचा अर्थ क्षुद्रतेकडे उतरला. बंजारा वस्त्रात तीच शोभेची आणि मानाची ठरली. चलनातून गेलेल्या एकाच वस्तूला दोन समाजांत अशा परस्परविरुद्ध अर्थगती लाभाव्यात, ही गोष्ट माझ्या मते टाक्यांच्या प्रकारांइतकीच अभ्यसनीय आहे.

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (तिसरा भाग, 1907) बंजारी बोलीचा राजस्थानीशी असलेला संबंध नोंदला गेला. वस्त्रांच्या नावांची तशी नोंद फारशी झालेली नाही. आता नित्याच्या वापरात साडी आली असून फेटिया मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या अंगावर, लग्नात वा तीजेच्या सणाला दिसतो. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने कारागिरीला बाजार लाभला, हे चांगलेच झाले. तथापि उशीच्या अभ्र्यावर गेलेली कवडी वाक्यातून सुटलेल्या शब्दासारखी असते. ती कोणत्या जागी, कोणी व कोणत्या प्रसंगी ल्यावयाची, हे कापडावरून कळत नाही. ते सांगणाऱ्या वृद्धा तांड्यांवर आज आहेत, आणि त्यांचे शब्द गोरमाटीतच टिपून घेतले पाहिजेत.