कर बाटलीवर की साखरेवर?

पिंप्राळ्यात बोलायचं म्हणजे मला घरच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं, म्हणून लांबण लावत नाही. आजचा विषय आहे गोड पेयांवरचा कर. तत्त्वज्ञान शिकवणारा निवृत्त मास्तर करावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण माणसाच्या भल्यासाठी सरकारनं त्याच्या खिशात हात घालावा का, हा प्रश्न मुळात नीतीचाच आहे.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते बघू. आयसीएमआर-इंडियाब ही देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि साधारण साडेतेरा कोटी माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दर शंभर प्रौढांमागे जवळपास चाळीस जणांच्या पोटाचा घेर नको तितका वाढलेला आहे. त्या १० कोटींत मीही आहे, तेव्हा हे मी काठावर उभं राहून सांगत नाही.

साखर हे याचं एकमेव कारण नाही, हे मान्य. बैठं काम आहे, तळलेलं खाणं आहे, आनुवंशिकता आहे. पण गोड पेयातली साखर पोट भरल्याची जाणीव न देता शरीरात जाते. २०० मिलिलिटरच्या कोलाच्या बाटलीत साधारण २१ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते. चहात पाच चमचे साखर घालून दिली, तर आपण कप परत करू. थंडगार असली की तीच साखर जाणवत नाही.

मग कर आहे ना? आहे, आणि चांगला घसघशीत आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा शीतपेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के कर झाला. ऐकायला वाटतं, सरकारनं साखरेला धडा शिकवला. आता आपण दुकानात जाऊन हिशेब करू.

दहा रुपयांच्या कोलात ढोबळमानानं २ रुपये ८५ पैसे कर असतो. शेजारी वीस रुपयांची बिनसाखरेची कोला आहे, तिच्यावरही ४० टक्केच. म्हणजे ५ रुपये ७० पैसे. साखर शून्य आणि कर दुप्पट! तिसरी बाटली आंब्याच्या पेयाची. त्यात साखर पुष्कळदा कोलाइतकीच, कधी जास्तही. लेबल वाचून खात्री करा. पण ते फळांच्या रसाचं पेय ठरतं आणि त्यात वायू नसतो, म्हणून त्यावरचा कर त्याच दिवशी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. दहा रुपयांत अठ्ठेचाळीस पैसे. फरसाण, बिस्किटं, चॉकलेट हेही तेव्हाच ५ टक्क्यांत आले.

म्हणजे हा कर साखर मोजतच नाही. तो बाटलीची जात आणि किंमत बघतो. याला महसुलाचा कर म्हणा, हरकत नाही; आरोग्याचा कर म्हणू नका.

आता नीतीकडे येऊ. जॉन स्टुअर्ट मिल यानं १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथात मद्यावरच्या कराचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं असं, की एखादी वस्तू लोकांना मिळू नये एवढ्याचसाठी कर लावला, तर ती बंदीच झाली. फरक फक्त प्रमाणाचा. ज्याला वाढीव किंमत परवडत नाही, त्याच्यापुरती ती पुरी बंदी. मात्र सरकारला कुठून तरी पैसा उभा करावाच लागतो, तेव्हा ज्या वस्तूवाचून माणसाचं अडत नाही तिच्यावर कर लावावा, हेही तो मान्य करतो.

मागे एका व्याख्यानानंतर एका किराणा दुकानदारानं मला विचारलं, "सर, मोठ्या माणसाला दोन रुपयांनी काय फरक पडतो? मार गरिबाच्या पोरालाच ना? मग हा मिठावरचाच कर झाला." प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, मिठावाचून कुणाचं चालत नाही, म्हणून तो कर गरिबाला चुकवता येत नव्हता आणि म्हणूनच तो अन्यायाचा होता. कोलावाचून चालतं. तरीही त्याचं निम्मं म्हणणं उरतंच: घाव गरिबाच्याच खिशावर का?

याचं एक उत्तर ब्रिटननं शोधलं. २०१६ साली त्यांनी कर जाहीर केला आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये लागू केला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. ५ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान असेल तर लिटरमागे १८ पेन्स, त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स, असे सुरुवातीचे दर होते. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी कर टाळण्यासाठी साखरच कमी केली. म्हणजे बोजा न वाढताही पिणाऱ्याच्या पोटात साखर कमी गेली. हा कर पिणाऱ्याला उद्देशून नव्हता, बनवणाऱ्याला होता. मिलच्या आक्षेपाची धार इथं बरीच बोथट होते.

मेक्सिकोनं २०१४ पासून लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी या पेयांची खरेदी सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी घटली. गरीब घरांत सुमारे ९ टक्क्यांनी. ही घट खरेदीतली आहे, वजनातली नव्हे, हे लक्षात ठेवा. करानं एकट्यानं लठ्ठपणा जात नाही. रसवंतीतला ग्लास, घरचा गोड चहा, लग्नातली जिलेबी यांच्यापर्यंत तो पोचत नाही.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टी व्हाव्यात. एक, कर साखरेच्या ग्रॅमवर लावावा, मग ती कोलात असो की आंब्याच्या पेयात. आपल्या जळगावात फळांचा गर काढणारा मोठा उद्योग आहे, त्याचं नुकसान होईल असं कुणी म्हणेल. पण कर गरावर नको, वरून घातलेल्या साखरेवर हवा. दुसरं, त्या पैशाचा हिशेब लोकांना दिसावा. इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आषाढीच्या रथोत्सवात दमलेल्या पोराला हाताशी थंड पाणी नसेल आणि दहा रुपयांची बाटली असेल, तर त्याला दोष देणारे आपण कोण? त्या करातून आधी शाळेत, स्टँडवर, बाजारात स्वच्छ गार पाण्याची पाणपोई उभी राहावी. पाणी न देता पेय महाग करणं मला पटत नाही.

आता तुम्ही विचारा.